ना गाडी, ना घोडा, मागे बायको

...आणि वर मला म्हणते, "अहो, तिथे एकसुद्धा गाडी नसते!" आता तुम्हीच सांगा, हे काय आमिष झालं? गाडी नसते, हॉर्न नसतो, धूर नसतो, दुकान नसतं, माणूस नसतं... मग तिथे असतं काय? तर डोंगर. डोंगरात करायचं काय? तर सायकल चालवायची. का? तर शांतता असते! ना गाडी, ना घोडा, म्हणे शांतता! अहो, तुम्हाला सांगतो, मी एकतीस वर्षं छापखान्यात मशीनवर काढलेला माणूस. मशीन सुरू झालं की खिडक्यांची तावदानं थरथरायची, पेल्यातलं पाणी नाचायचं, शेजारच्याला काही सांगायचं तर हातवारे करायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या गोंगाटात मला अशी डुलकी लागायची म्हणून सांगू... मशीन थांबलं की दचकून जाग यायची! असल्या माणसाला शांतता कशाला हो?

पण आमची ही म्हणजे एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवशी सायकल शिकायला लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी! कुंपणावर तीनदा आदळली, दूधवाल्यावर एकदा. दूधवाला म्हणतो, "वहिनी, मी बाजूला व्हायला तयार आहे, पण तुम्ही कुठल्या बाजूला येणार तेवढं सांगा!" तीन महिन्यांत पटाईत झाली. मग कुठूनसा एक नकाशा आणला. डोंगरातून जाणारी जुनी रेल्वेची वाट, रूळ कधीच उखडून नेलेले, आता फक्त सायकलींसाठी राखलेली. चार दिवस चालवायचं, जुन्या स्टेशनांच्या घरांत मुक्काम करायचा. मी म्हटलं, "माझा गुडघा..." तर म्हणे, "डॉक्टरांनी गुडघ्याला सायकलच सांगितलीय." झालं! ठरलं.

आता माझ्या 'नको'चं खरं कारण वेगळंच होतं. ते मी तिला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही इतक्यात सांगणार नव्हतो, पण जीभ सैल सुटलीच आहे तर... मला ऐकू येत नव्हतं. म्हणजे अगदी ठार नाही, पण डाव्या कानात अंधार आणि उजव्यात संध्याकाळ, असं. दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरने कागद दिला, 'यंत्र लावा' म्हणून. तो मी घडी करून पान्यांच्या पेटीत तळाशी टाकला. आणि सांगतो तुम्हाला, शहरात कोण्णाला पत्ता लागला नाही! कसा लागेल? जिथे सगळेच ओरडतात आणि सगळेच "काय? काय?" करतात, तिथे बहिरा कोण आणि धडधाकट कोण? पण जिथे पान पडलं तरी ऐकू येतं म्हणतात, तिथे माझं बिंग फुटायला कितीसा वेळ? ना गाडी, ना घोडा, लपायला आवाजच नाही!

पहिल्याच दिवशी सुरुवात झाली. ती पुढे, मी मागे. मागे वळून काहीतरी म्हणाली. मी अंदाज बांधला, पक्ष्याबद्दल असणार. म्हटलं, "वा, काय गोड!" तर ती सायकल थांबवून माझ्याकडे बघते. "गोड काय? पाण्याच्या बाटल्या स्टेशनावर विसरलात का, असं विचारलं मी!"

मुक्कामाच्या घरी तर कहर. तिथे एक म्हातारा, पूर्वी याच रेल्वेवर रूळ बदलणारा सांधेवाला होता. डोंगरातली माणसं बोलतात कशी? ओठ हलले न हलले! हा काहीतरी पुटपुटला, मला वाटलं वय विचारतोय, मी म्हटलं, "एकसष्ट." बायको म्हणाली, "ते विचारतायत, वरची खोली चालेल का." मग जेवताना तो बराच वेळ बोलत होता. मी बहिऱ्यांचं ठेवणीतलं हत्यार काढलं, हसून मान डोलवली, चांगला खळखळून हसलो. टेबलाखालून हिने अशी लाथ मारली! म्हातारा त्याचा चौदा वर्षांचा कुत्रा गेल्याचं सांगत होता हो... शेवटी निघताना मी त्याचे हात धरले, माफी मागितली. तो काहीतरी म्हणाला. काय म्हणाला, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी मोठा बोगदा लागला, आणि बोगद्यापलीकडे सात किलोमीटर उतार. नुसता उतार! पाय मारायला नको. ही म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते." हे बरोबर ऐकलं, कारण माझ्या तोंडासमोर येऊन बोलली. आणि निघालो. काय सांगू तुम्हाला... खाली दरी, दरीत ढग, ढगांवर ऊन, आणि वाटेवर काळं कुत्रं नाही. हँडल सैल सोडलं, तसं मनही सैल झालं बघा. म्हटलं, आज सांगून टाकू. तोंडावर सांगायला जमत नाही, पाठमोरं जमेल.

आणि सांगितलं! डॉक्टरचा कागद सांगितला, पान्यांची पेटी सांगितली. म्हटलं, "मला यंत्राची लाज नाही गं, मला भीती वाटते. आमच्या वडिलांना शेवटी ऐकू येईनासं झालं, तेव्हा घरात सगळ्यांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. 'जाऊ दे, त्यांना कुठे सांगत बसता!' असं मीसुद्धा म्हणायचो. ते आपले जेवायला बसायचे आणि सगळे हसले की मागाहून हसायचे. मला तसं नाही व्हायचं." असं सगळं, भडाभडा, चार-पाच किलोमीटर! आणि ही मध्ये एक शब्द बोलली नाही. तेहेतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मला तर डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, काय ही बाई, किती समजून घेते! "आता काहीतरी बोल की," म्हणत मागे वळून बघतो...

तर मागे कोणी नाही!

रिकामी वाट. वर डोंगर, खाली दरी. अहो, पडली की काय? कुणाला विचारायचं? ना गाडी, ना घोडा, ना माणूस! सायकल वळवली. जो उतार होता तो आता चढ. गुडघा बोंबलतोय, उतरून ढकलतोय आणि "अगं! अगं ए!" करून ओरडतोय. आणि मग एकदम लक्षात आलं हो... ती दरीतून ओ देत असेल, तरी मला कळणार नाही. हाका मारत असेल आणि मी शेजारून निघून जाईन. प्रत्येक वळणावर सायकल आडवी टाकायची, काठावर पालथं पडायचं, झुडूपन्झुडूप बघायचं, मग पुढे. दीड तास! त्या दीड तासात मी वीस वर्षांनी म्हातारा झालो.

बोगद्याच्या तोंडाशी सायकल उलटी ठेवलेली, हात काळे करून बाईसाहेब सफरचंद खातायत! "पंक्चर झालं," म्हणे. "निघता निघताच. घंटी वाजवली, शिट्टी मारली, हाक मारली, चक्क नावाने मारली!"

मी तिथेच बसकण मारली. जरा दम खाल्ला आणि म्हणालो, "मला ऐकू येत नाही."

तिने माझ्यासमोर येऊन सावकाश सांगितलं, "माहितीये. दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते."

"म्हणून इथे आणलंस? मला उघडं पाडायला?"

"नाही हो, सायकल चालवायला आणलं! सगळं काय तुमच्यासाठीच असतं का?"

आता बोला! मग मला सगळं पुन्हा सांगावं लागलं, तोंडावर. वडिलांचंही सांगितलं. तिने ते काळे हात माझ्या गालांवर ठेवले आणि मोठ्याने, अगदी मोठ्याने म्हणाली, "तुम्ही ठार बहिरे झालात ना, तरी मी बोलायची थांबणार नाही! समजलं?" हे मात्र मला लख्ख ऐकू आलं. बहुधा पलीकडच्या डोंगरालाही आलं असेल.

परत आलो, यंत्र लावलं. काय सांगू, चमचा पडला तरी दचकतो, भाजी चावली तरी आपल्याच दातांचा आवाज! पण ही आत चित्र काढताना गुणगुणते, ते मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं हो... बेसूर आहे. पण ऐकत बसतो.

आणि काल ही नवा नकाशा घेऊन आली. याहून उंच डोंगर, आठ दिवस! मी स्पष्ट सांगितलं, "नाही." पुन्हा सांगितलं, "नाही!" तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटून सांगितलं, "नाही म्हणजे नाही!" ही नकाशावर पेन्सिलने रेघ ओढत म्हणते कशी, "बरं झालं बाई, तुम्हीही तयार आहात ते!"

आता काय करणार? इतक्या खटपटीने माझे कान दुरुस्त करून आणले... आणि नेमके तेव्हाच हिचे गेले!