नेकनूरची आसरा

न्हाणीघरात सून कोसळते आणि घरचे पाण्यातली आसरा, म्हणजे बायकांना झपाटणारी जलदेवता, शोधतात, या कथेचे अनेक पाठभेद मी टिपले आहेत. नेकनूरचा पाठ माझ्या मावसबहिणीच्या घरचा. तिच्या सुनेला गॅस गिझर लावून अंघोळ करताना भोवळ आली, म्हणून घरच्यांनी न्हाणीघराच्या झरोक्यावर फळी ठोकली. त्यानंतरच्या अंघोळीला ती बेशुद्धच पडली.

“आक्का, फळी कुणी ठोकली?” मी मावसबहिणीला विचारलं.

“देवऋषीनं सांगितलं. आसरा तिथूनच येती.”

माझा संताप आवरेना. “गिझरचा विषारी वायू तिथूनच बाहेर जात होता. जेवढा जात होता, तेवढाही तुम्ही कोंडलात.”

“अन् फळी काढल्यावर आसरा आली तर?”

अंथरुणावरून सून सासूला म्हणाली, “येऊ द्या, आत्याबाई. तिला बी हवा लागंल.”

मग तिने उठून बत्त्याने फळी पाडली.