सोनारची वायर

मी शकुंतला, मूळची निपाणीची. आई विड्या वळायची, तिच्यासंगं मीबी वळायची, तवाच बोटं हलकी झाली. लगीन होऊन बेंगळूरला आले, मालक बोम्मसंद्रात लेथवर होते, आन शेजारची गिरिजाक्का एका कंपनीत माल तपासायला, तिनंच मला तितं वायरींच्या कामाला लावलं.

काय सांगू तुम्हाला ताई, पयल्याच दिवशी सायब म्हणाले ही वायर सोनारला जाणार, मला वाटलं दागिने घडवणारा सोनार, सगळी हसली. मग सायबांनी नीट सांगितलं, नौदलाचं हेलिकॉप्टर समुद्रावर एका जागी थांबतं, पोटातनं केबलला बांधलेलं यंत्र पाण्यात सोडतं, ते सोनार, ते पाण्यात आवाज सोडतं आन पाणबुडीवर आपटून माघारी आलेला आवाज ऐकतं. आत पडदा असतो, त्यावर ते दिसतं. त्या पडद्याकडं जाणारी वायरींची जुडी आम्ही बांधतो. त्या हेलिकॉप्टरचे पंखेबी घडी घालून ठेवतात, जहाजावर जागा कुठली एवढी!

तर एकदा काय झालं, वायर सोलताना माजं पातं घसरून आतल्या तारेला लागलं. काय न्हाई म्हणून मी वरनं झाकायची प्लास्टिकची नळी चढवली. टेस्ट झाली, पास झाली, पेटी बंद झाली. सुटी झाली आन बसथांब्यावर उभी ऱ्हायले, बस आली, गेली, मी चढलेच न्हाई, माघारी गेले. सायबांना म्हणलं, सर, माज्या हातनं चूक झालीया. ते म्हणाले, पास झालंय की, उद्या माल जायचाय, आता कशाला? गिरिजाक्का मधी पडली, सर, स्वल्प थांबा, ती स्वतः सांगतीया तर उघडून बगूया. उघडलं. नळी मीच कापली. आतल्या बारीक तारांतल्या तीन तुटलेल्या. हेलिकॉप्टरच्या हादऱ्यानं बाकीच्याबी गेल्या असत्या. सायबांनी वाकून तारा बगितल्या आन म्हणाले, सरी, म्हंजे बरं, नवी बांधा.

मला लेखी ताकीद मिळाली, मिळायलाच पायजे व्हती. मला वाटलं नोकरी गेली. पर पुढच्या आठवड्यापासनं नव्या पोरी शिकायला माज्याकडंच धाडल्या. आता आठजणी हायत. मी त्यांना म्हणते, चुकलं तर आदी मला सांगा, मी रागावणार न्हाई. आन सांगतात बगा.

मागल्या महिन्यात नौदलाची एक बाई आली व्हती काम बगायला, माज्या लेकीएवढी. हेलिकॉप्टरात त्या पडद्यापुढं तीच बसती म्हणं. मी आपल्या मोडक्या हिंदीत इचारलं, बाई, पाण्यात काय ऐकू येतं गं? तर म्हणाली, कोळंब्यांचा आवाज येतो, फोडणी तडतडावी तसा, लांबनं जहाजं घुमतात, त्यातनं पाणबुडी वळखायची. आन माजा हात हातात घेऊन म्हणाली, तुमच्यामुळं ऐकू येतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणलं, जा माज्या बाई, समद्या समुद्राचं ऐक, आन सुखरूप घरी ये.