वाळलेल्या चाकाचा फोटो

मंडळी, ऐका. पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा. आज देवासमोर एकच प्रश्न टाकतो. माणसाच्या हातून चूक होते — होणारच! पण मोठं काय? ती चूक, की चुकीनंतरचं गप्प बसणं? लगेच माना हलवू नका! पोथ्या पुष्कळ चाळल्या, तरी मलाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून गोष्ट सांगतो.

मिरजेला नरहरअण्णा ठोसर म्हणून एक गृहस्थ. वाचनालयाचे ग्रंथपाल होते, आता निवृत्त. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक पत्र — गणपतीत आलेलं. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा वाटून झाला — उत्तर नाही! का नाही?

पत्र होतं दिगंबर शिंत्र्यांचं. शाळेपासूनचे दोस्त. दिगंबररावांची एक मोटार होती. डोळे अधू झाले, चालवणं सुटलं. पण गाडीवर जीव! मग दोघे काय करत? संध्याकाळी त्या उभ्या गाडीत जाऊन बसत! दिगंबरराव स्टिअरिंगपाशी, अण्णा शेजारी. गाडी जागची हलायची नाही, गप्पा मात्र थेट काशी-रामेश्वर! हसताय? सुनेच्या मालिका चुकवायला देवळात कोण कोण येऊन बसतं, ते मला इथून दिसतं हं!

पुढे मुलगा दिगंबररावांना इंदूरला घेऊन गेला. जाताना त्यांनी किल्ली अण्णांच्या हातात दिली. "नऱ्या, गाडी तुझ्या अंगणात राहू दे. पण तिला परक्यासारखी ठेवू नकोस. रोज बसत जा."

अण्णा रोज बसत. आपल्याच जागेवर — शेजारी. स्टिअरिंगपुढची जागा मोकळी. काच खाली करायची, रस्त्याकडे बघायचं. बोलणार कुणाशी? दिवे लागले की घरात. घर तरी काय, तसंच मोकळं.

आणि मग ते पत्र आलं! शेवटची ओळ होती — "चाकं चमकतायत ना रे?"

अण्णा धावले अंगणात. चाकं चकचकीत धातूची, नक्षीची. पण गाडी धावत होती तेव्हाची ब्रेकची काळी धूळ बसून बसून घट्ट चिकटलेली. फडक्याने पुसलं — जाईना! मग अण्णांनी काय केलं? तुम्ही केलं असतंत तेच! देवाची उपकरणी घासायची चिंच आणली, मीठ आणलं, वर मूठभर रांगोळी — आणि तारेची घासणी! ताम्हन लखलखतं, तर चाक का नाही?

कुंपणापलीकडून शेजारच्या नलूवहिनी म्हणाल्या, "अण्णा, हे काय? गाडीला अभिषेक?"

"दिगूची गाडी आहे वहिनी. डाग राहून चालायचा नाही."

"मग नैवेद्यही दाखवा! खीर करून आणू का?"

डाग गेला हो! अण्णा लहान मुलासारखे हरखले. मग चाक वाळलं — आणि बघतात तो काय! दुधाळ, निस्तेज, मोतीबिंदू पडलेल्या डोळ्यासारखं. चमकच गेली!

झालं काय होतं? त्या धातूवर काचेसारखा पारदर्शक लेप असतो. दिसत नाही, पण चमक सांभाळतो तोच. डाग बसला होता त्या लेपावर, आणि अण्णांनी डागासकट लेपच खरवडून काढला! ताम्हनाला असा लेप नसतो, म्हणून तिथे चिंच चालते. हे सगळं गाडीच्या खणातल्या माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं. अख्खं वाचनालय वाचून काढलेला माणूस — नेमकं तेच पुस्तक राहिलं!

पुस्तिका वाचली, तेव्हा उशीर झाला होता. उरलेल्या तीन चाकांना हात लावायचा धीर होईना. पत्र लिहायला बसले. "प्रिय दिगू, गाडी उत्तम —" खोटं! फाडलं. "प्रिय दिगू, तुझं एक चाक —" फाडलं. जगात आपलं म्हणावं असं हे एवढंच माणूस उरलेलं. तेही रागावलं तर? फोन का नाही केला, म्हणता? अहो, ज्याच्याने कागदावर खरं उतरवेना, तो तोंडाने काय बोलणार!

गाडीत बसणंही सुटलं. आता संध्याकाळी अण्णा तांब्याभर पाणी नेत आणि चाकावर ओतत. कारण ओलं असलं, की ते चाक पूर्वीसारखं चमके! ओरखडे पाण्याने भरून जात. अण्णा उकिडवे बसून बघत राहत. पाणी वाळे. दुधाळपणा परत येई. मग गुडघ्यावर हात टेकून उठत.

संक्रांत झाल्यावर एकदा नलूवहिनींनी ते पाहिलं. "अहो, किती झुराल! थांबा, ओलं आहे तोवर फोटो काढते, धाडू इंदूरला. तिथून कोण येतंय बघायला? नंबर सांगा."

काय सोपी युक्ती! तुम्हालाही पटली ना? अण्णांचंही मन डळमळलं. मुलाचा नंबर पत्राच्या वरच्या कोपऱ्यात होता. पत्र काढलं, उलगडलं. इतके महिने अण्णा फक्त शेवटची ओळ वाचत होते. घाबरलेला माणूस आपल्या चुकीपुरतंच वाचतो! आज नजर वरून खाली आली —

"नऱ्या, मुलगा-सून सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. मला आता फारसं दिसत नाही. संध्याकाळी खाली जाऊन कुणाच्याही गाडीला टेकून उभा राहतो, मग वॉचमन हटकतो. बोलायला कुणी नाही रे. चार ओळी लिही. काहीही लिही, सून वाचून दाखवेल. चाकं चमकतायत ना रे?"

अण्णा पायरीवर मटकन बसले.

"काय झालं?" वहिनी घाबरल्या.

"वहिनी, त्याला चाकाचं काही नव्हतं हो. तो मला हाक मारत होता."

वहिनी हळूच म्हणाल्या, "फोटो काढू ना?"

"काढा. पण वाळू द्या आधी."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत, चाकं थंड असताना, अण्णा उरलेल्या तिन्हींपाशी बसले. पुस्तिकेत होतं तसंच — साधं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. फेस लावला, थांबले. हलकेच पुसलं. पुन्हा फेस, पुन्हा थांबणं. डाग हट्टी, पण अण्णांनी जोर केला नाही. दुपारपर्यंत काळं पाणी ओघळत राहिलं. तीन चाकं चमकली! चौथं होतं तसंच.

मग कागद घेतला. "दिगू, तीन चाकं चमकतायत. चौथं मी घालवलं, चिंच लावून. फोटोत आहे. शिव्या दे, पण दे. रोज तुझी आठवण काढतो आणि गप्प बसतो, हे त्या चाकाहून वाईट झालं. गाडीत तुझी जागा मोकळी आहे."

आता तुमच्याकडे वळतो, मंडळी! इथे टाळ वाजतायत, डोळे पाणावलेत, सगळे कसे चमकताय! चमकणारच — ओले आहात! पण देव ओल्याला भुलतो होय? घरी जाल, वाळाल, तेव्हा तो बघायला येतो. तेव्हा काय दाखवाल? कुणाची हाक पडून आहे तुमच्या खिशात? भावाची? मैत्रिणीची? चाचपून बघा. आत्ता, इथे बसल्या बसल्या!

अण्णा चौकातल्या लाल पेटीपाशी गेले. पाकिटात चार ओळी, आणि वहिनींनी छापून आणलेला वाळलेल्या चाकाचा फोटो. हात फटीत गेला — अडला! दिगू रागावेल? हसेल? ऐकायला असेल तरी का? पेटीपाशी दुसरं कुणी नव्हतं. विचारणार कुणाला?

बोटं सुटली. पाकीट पेटीच्या तळाशी पडलं.