नऊशे जणांच्या लेखातली प्रणाली
अमरावतीच्या बसस्टँडवर मोर्शीच्या गाडीसाठी उभा होतो. माझ्यापुढं दोन म्हातारे दोस्त होते, पुंजाराम अन् नबीभाई.

"पुंजाराम, तुह्या पोरीची, प्रणालीची सोयरीक काहून मोडली?"

"म्याच नाई म्हटलं."

"अकोल्याचं घर तं चांगलं होतं."

"पोराचा बाप म्हणे, समुद्रातले किडे पाहून काय होते? पोरीले म्हणा, नोकरी सोड."

"मंग?"

"म्या सांगतलं, तिचे संशोधनाचे एकतीस लेख छापून आले. नऊशे जणायनं आपल्या लेखात तिचा दाखला देला."

"नऊशे! मोर्शीतले?"

"मोर्शीतला एकबी नाई. जपान, नॉर्वे, तिकडचे."

"सारे तारीफच करतात?"

"एक जण लिहिते का तिचं चुकलं. पण तो दाखलाबी मोजतात."

"शिव्याबी मोजतात? मंग तं माह्या नावावर हजार निघतील."

"तरी तो म्हणे, याचा उपयोग काय? म्या इचारलं, तुमच्या पोराचं नाव अकोल्याच्या बाहीर कोण घेते?"

"मंग?"

"चहा तसाच ठेवून उठला."

"तू वाचले काय तिचे लेख?"

"एक वाचला. सारा इंग्रजीत."

"काय समजलं?"

"वरचं नाव. प्रणाली पुंजाराम ठोंबरे. मधात मीच हाये."

"म्हणजे तूबी जपानात पोचला!"

"पोचलो ना. अन् नबी, त्या मानसाले हेच सांगाचं राहून गेलं."