कॅलिफोर्नियातली शतपावली

कॅलिफोर्नियाला जायचं ठरलं का, असं सगळेच विचारताय, तर आधी हे ऐका.

कंपनी म्हणाली, इथलं, जपानमधलं तोयोसुचं ऑफिस सोडून तिकडे जायचं असेल तर आठवडाभर गाव बघून या. गाव कसलं, एक चौक आणि भोवती संत्र्याच्या बागा! दुधाच्या पिशवीलासुद्धा गाडी काढायची. लोक उजेडातच जेवतात. मीही जेवलो आणि सवयीने शतपावलीला निघालो. लगेच एक ट्रक थांबला.

"गाडी बंद पडली का?"

"नाही, चालतोय."

"कुठे?"

"कुठेच नाही."

बिचारा काळजीत पडून गेला. मग दुसरी गाडी थांबली, पुन्हा तोच प्रश्न. तिसरीत एक आजी होत्या. त्यांना सांगितलं, "आमच्यात जेवल्यावर थोडं चालतात."

दुसऱ्या दिवशी बघतो तर आजी मोटेलच्या दारात बूट घालून तयार. "चल, जेवले मी!"

इचिकावाला घरी परत आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, "याला म्हणतात लहान गाव! इथे इतक्या वर्षांत कुणी विचारलं आपल्याला?"

ती शांतपणे म्हणाली, "तू कुणाला विचारलंस?"

झोंबलं हो. त्याच संध्याकाळी शेजारच्या सातो-सानची बेल वाजवली आणि मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "चालायला येता का?" बाई वळून आत गेल्या. म्हटलं, झाली शोभा.

तर टोपी घालून बाहेर आल्या. आता रोज येतात.

त्यामुळे ठरायचं सोडाच, आणखीच अवघड होऊन बसलंय.