शेवटच्या दाढीनंतर

जळगावात गनीभाईंच्या सलूनच्या सामानाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे असोदा गावचा एक तरुण उभा होता.

"गनीभाई, एक वस्तरा दाखवा. स्वस्तातला. हातात कधी धरलेला नाही."

"मग अख्ख्या पोलादाचा घेऊ नका. त्याला रोज चामड्याच्या पट्ट्यावर घासावं लागतं. हा घ्या, पत्ती बदलायचा. दीडशे रुपये. स्वतःसाठी?"

"वडलांसाठी."

"म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, भाऊ. बोटांनी ताणून धरा आणि हात हलका ठेवा. आधी गरम पाण्यानं दाढी चांगली भिजवा."

"त्यांच्या गालाला लागलं की पाणी लगेच गार पडतं."

"आजारी आहेत का?"

"नाही. रोज सकाळी ओट्यावर येऊन बसतात. हनुवटी वर करून."

"मग गावातल्या सलूनवाल्यालाच बोलवा की."

"झुलालनानांना बोलावलं. ओट्यापर्यंत आले आणि तसेच परत फिरले. म्हणाले, यांची शेवटची दाढी मी केली, आता हात लावणार नाही."

"शेवटची म्हणजे?"

"तिरडीवर ठेवायच्या आधीची."

गनीभाईंनी हातातला वस्तरा काउंटरवर ठेवला.

"वस्तऱ्याच्या पत्त्यांचं एक पाकीटही द्या, गनीभाई. हल्ली फार भराभर वाढते त्यांची दाढी."