भिंतीतलं पाणी

माहं माहेर सानगडीचं जी, नाव शेवंता, अन् सारी उमर गेली ते या एकोडीत. लगन होऊन आली तवा मी अशी काडीवानी होती का सासू म्हणे, हे पोरगी रोवण्याले चिखलात उभी राहील का तेथीच बसंल. राहिली उभी, चांगली उभी राहिली, तिच्याच धानाच्या बांधीत तिच्या पुढे रोवत गेली. तुमी इचारून राहिले संडासाचं अन् मी लगनाचं सांगून राहिली, पण हसू नका, तेथूनच सांगावं लागते, काहून का आमच्या टायमाले संडास म्हणजे बोडीची पार. बोडी म्हणजे लहान तलाव जी, अन् पार म्हणजे त्याचा बांध. उजाडायच्या आधी आमी चारचौघी मिळून जाओ, सासवाईच्या चुगल्या तेथीच होत, हसणं तेथीच, रडणं तेथीच. पण एकदा का उजाडलं, का मंग दिवसभर पोट दुखो का काही हो, दाबून ठेवा. बायाईचं अर्धं दुखणं त्या दाबण्यातच होतं, असं मले वाटते. मंग सरकारी संडास आला, आंगणाच्या पार टोकाले, त्यात आमी पहिले गवऱ्या रचल्या. काय सांगू तुमाले, इतक्या कोरड्या राहत होत्या! लेक संजू मोठा झाला, लाजला, तवा कोठी गवऱ्या निघाल्या अन् माणसं जाऊ लागली.

आमचे मालक, म्हणजे संजूचे बाबा, गावच्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते पाणकर पाहते. तलावातून पाणी काढायचं जे तोंड असते त्याले आमी तुडूम म्हणतो, ते पाण्याच्या आत राहते, दिसत नाही. पाण्यात उतरून, काठीनं चाचपून, त्याचं बूच काढायचं. हे काम त्याईनं जिंदगीभर केलं. भांडणं झाली, लोकं कुऱ्हाडी घेऊन पारीवर आले, पण याईनं कोणाचं पाणी कोणाले जाऊ देलं नाही. असा माणूस जी. अन् मंग एका सकाळी चहाची कपबशी हातातून पडली, मी म्हणलं काय झालं, तं तोंडातून सबद निघेना. लकवा. उजवं आंग गेलं.

नागपूरले नेलं, जीव वाचला, जीभ बी मोकळी झाली, आंगणापुरते काठी धरून चालू लागले. पण त्या आंगणाच्या टोकाच्या संडासात खाली बसता येईना, बसले तं उठता येईना. मंग मी सोबत जाओ, धरो, उचलो, पाणी टाको. मले काही नाही जी, मी लेकराईचं काढलं, सासूचं केलं, मले घाण नाही वाटत. पण त्याईले वाटे. एक दिवस मी बजारले साकोलीले गेली होती, उशीर झाला, तं सुनेनं, ममतानं, नेलं. पोरगी सोन्यासारखी आहे, काही बोलली नाही. पण हे त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. अन् पाणी पेणं बंद केलं. खाणं अर्धं, पाणी घोटभर. जास्त पेलं का जास्त जावं लागते ना. डॉक्टर रागावला, म्हणे, बाबा, असंच केलं तं किडनी जाईल. हे नुसते मान हलवत. ज्यानं साऱ्या गावाले पाणी पाजलं तो माणूस घरात तहानलेला, सांगा.

तवा संजू म्हणाला, आई, दवाखान्यात जो संडास होता, खुर्चीवानी, त्याच्यावर बाबा आपल्या मनानं बसत होते का नाही? तसाच घरात करू. संजू साकोलीले नळ-टाईलच्या दुकानात आहे, त्याले हे सारं समजते. सयपाकाच्या खोलीमागे सरपणाची लहानशी खोली आहे, तेथी करू म्हणे, पण ते आहे अरुंद, पाणी सोडायची टाकी बाहेर लावली तं बाबाले वळाले जागा राहत नाही. मंग टाकी भिंतीच्या आत बसवू, बाहेर फक्त बटन. अन् भांडं भिंतीलेच टांगलेलं, म्हणजे बाबाले पाहिजे तेवढ्या उंचीवर. मी म्हणलं, कोणत्या भिंतीत? तं म्हणे, मधल्या.

मधली भिंत म्हणजे माह्या चुलीची भिंत जी! इकडून मी भाकर टाकीन अन् त्याच भिंतीच्या पोटात संडासाचं पाणी? अन् त्याच भिंतीले मी दर श्रावणात जिवतीचा कागद लावते, संजू पोटात होता तवापासून, लेकराईच्या जिवासाठी, जुन्यावर नवा, जुन्यावर नवा, असा जाड थर झाला होता. मी सांगतलं, माह्या जीवात जीव आहे तोवर हे भिंत फुटणार नाही. तीन दिवस पोरासंग बोलली नाही. ममता म्हणे, आई, पाणी तं साफच राहते टाकीत, आपल्याच वरच्या टाकीतलं. मी म्हणलं, तू सांगू नको मले.

मंग एका दुपारी, उन्हाळ्याची दुपार, मी ओसरीवर आली तं हे दुपट्ट्याचा कोना लोट्यात बुडवून राहिले अन् तो ओला कोना ओठाले लावून राहिले. पाणी पेत नव्हते, ओठ ओले करत होते. त्याईले मी दिसली नाही. मी मागं फिरली, सयपाकाच्या खोलीत गेली अन् खूप रडली. मंग उठली, पदर खोचला, अन् जिवतीचे सारे कागद माह्या हातानं काढले. मातीसकट निघाले. तलावात नेऊन सोडले. संजूले म्हणलं, बोलाव तुह्या मिस्त्रीले.

मिस्त्री निघाला सानगडीचाच, मले आत्या म्हणे. मातीची भिंत फोडली, विटा-सिमिटाची बांधली, त्यात लोखंडाची चौकट अन् टाकी. भांड्याची उंची याईच्या बाजेची उंची मोजून घेतली. मी त्याले म्हणलं, आत गळलं तं माही नवी भिंत पुन्हा फोडशील का? तो म्हणे, नाही वं आत्या, हे बटनाची पाटी निघते, तेथूनच हात घालून सारं दुरुस्त होते. मी म्हणलं, काढून दाखव. काढून दाखवलं. तरी टाईल लावायच्या आधी मी चुलीची कोरडी राख नळाखाली पसरली अन् म्हणलं, आता रातभर राहू दे, एक बी थेंब पडला तं राखेत दिसंल. सकाळी राख कोरडी होती. तवा मी म्हणलं, लाव गा.

पहिल्या दिवशी हे एकटे आत गेले. आमी सारे बाहेर. बराच वेळ झाला. अन् मंग आतून आवाज आला, बटन मागं आहे वं, मले फिरता येत नाही. डावा हात पोहोचत नव्हता जी, अन् उजवा तं मेलेलाच. इतकी भिंत फोडली, देवाचे कागद काढले, अन् शेवटी पाणी टाकाले मलेच जावं लागते का काय? संजू दाराशी धावला, म्हणे, बाबा, मी येतो. आतून म्हणाले, थांब, येऊ नको. मंग काठीचा ठक असा आवाज भिंतीले, अजून एक ठक, अन् मंग धो करून पाणी.

बाहेर आले. काठी डाव्या हातात, चेहरा घामानं ओला. संजू म्हणे, बाबा, मागं न पाहता कसं केलं? तं म्हणतात कसे, तुडूम कधी डोळ्यानं पाहून उघडला होता काय गा? मंग बाजेवर बसले अन् मले म्हणाले, पाणी दे वं. मी लोटा देला. पुरा लोटा पेले.

श्रावणात नव्या भिंतीलेच नवा कागद लावला. जिवतीले म्हणलं, माय, भिंत बदलली, लेकरं तेच आहेत, अन् हे एक म्हातारं लेकरू बी त्यात धर. शेजारच्या बाया नाकं मुरडतात, चुलीमागं संडास म्हणून. मुरडू द्या. त्याईच्या घरी बी म्हातारपण येणारच आहे.

चहा घेऊनच जा जी, असं उठू नका. तुमच्या घरच्या बुढ्याबाढ्याईले सुखानं जाता यावं, दुसरं काय मांगू मी तुमच्यासाठी. थांबा, आयकलं? ठक झालं. हे पाहा, आलं पाणी भिंतीत. आता टाकी भरते, मंग हे बाहेर येतील. बसा तुमी, मी लोटा भरून ठेवते.